मालिकेला शेवट हवा

शनिवारची माझी कामं ठरलेली आहेत. सकाळी दळण टाकायचं, आईच्या गोळ्या आणायच्या, चपलेचा अंगठा तुटला असेल तर शिवून घ्यायचा, ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून भाजी घ्यायची आणि येताना स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात पुस्तक बदलायचं. संध्याकाळी आई आणि मी दूरदर्शनची एखादी जुनी मालिका लावतो. परवाच्या शनिवारीही हेच सगळं झालं. पण त्या संध्याकाळी जे मनात आलं ते आज लिहूनच टाकते. आपल्या मराठी मालिकांना शेवट हवा. तेरा भाग, फार तर सव्वीस. आणि गोष्ट अशी हवी, की कुठे जाऊन संपणार हे पहिला भाग लिहितानाच ठरलेलं असेल.

आधी शेवळं या रानभाजीबद्दल सांगते. ठाण्यात पहिला पाऊस पडला की आदिवासी बायका रस्त्याच्या कडेला फडकं पसरून शेवळाच्या जुड्या मांडतात. त्यांच्या शेजारीच काकडांचा, म्हणजे छोट्या हिरव्या आंबट फळांचा, ढीग असतो. काकडं घातल्याशिवाय शेवळं करता येत नाहीत, घसा खाजतो. मावशींनी जुडी कागदात बांधली आणि मी न सांगता वर मूठभर काकडं ठेवली. "हे इसरू नका ताई, नाय तं घरातले सगले वरडतील," म्हणाल्या. ही भाजी थोडेच दिवस मिळते. त्या दिवसांत नाही खाल्ली, तर पुढच्या पावसाची वाट बघायची.

गिरणीत गर्दी होती. आधी ज्वारीवाल्यांचे डबे लागले होते, म्हणून दळण ठेवून पुढे गेले.

ग्रंथ संग्रहालय 1893 साली सुरू झालं. त्यातल्या विनोदी पुस्तकांच्या कपाटासमोर माझा नेहमीच जास्त वेळ जातो. या वेळी चिं. वि. जोशी घेतले. बडोद्याला पालीचं अध्यापन करणाऱ्या या विद्वान माणसानं चिमणराव आणि गुंड्याभाऊ जन्माला घातले. माझ्या पिढीला ते दोघे आधी भेटले टीव्हीवर, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात. पुस्तक हातात आलं ते नंतर. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांतच त्या केंद्रानं असं काम करून ठेवलं, की आजही चिमणराव वाचताना कानात आवाज येतो तो प्रभावळकरांचाच.

त्या काळातल्या चांगल्या मालिका आठवून बघा, त्यातल्या कितीतरी वाचनालयाच्या कपाटातून आलेल्या दिसतील. 'गोट्या' ना. धों. ताम्हनकरांचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुमीत राघवन झाला होता. हिंदीत शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांचं काल्पनिक मालगुडी कर्नाटकातल्या आगुंबे गावात उभं केलं. श्याम बेनेगल यांनी नेहरूंच्या ग्रंथावरून 'भारत एक खोज' केली आणि पाच हजार वर्षांचा इतिहास 53 भागांत सांगून संपवला. आता सासू-सुनेच्या एका गैरसमजाला याहून जास्त भाग लागतात. गोष्ट आधीच पुरी झालेली असली, की दिग्दर्शकाला आणि नटाला आपण कुठे निघालोय हे माहीत असतं. मग प्रत्येक प्रसंग कशासाठी तरी असतो.

त्या संध्याकाळी आम्ही 'ब्योमकेश बक्षी' लावली. बंगाली गुप्तहेराची हिंदी मालिका, 1993 ची, बासू चटर्जींची. पहिलाच भाग. कलकत्त्यातली राहण्या-जेवणाची एक मेस, खाली होमिओपॅथीचे डॉक्टर अनुकूलबाबू आणि तिथे राहायला येणारा, स्वतःचं नाव अतुल सांगणारा तरुण. आई मांडीवर वर्तमानपत्र पसरून शेवळं निवडत होती. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं चिरायचं. मध्येच तिचा हात थांबला. मला म्हणाली, "अगं, हा अतुल बघ, सगळ्यांकडे कसा बघतो ते. हा नोकरी शोधणारा नाही." अतुल झालेल्या रजित कपूर यांनी तिथे एकही वाक्य जास्त बोललेलं नाही. पार्श्वसंगीत आदळलेलं नाही, एकच चेहरा तीनदा जवळून दाखवलेला नाही. जेमतेम अर्ध्या तासात खून झाला, संशय फिरला, उलगडा झाला. टीव्ही बंद केला तरी आई त्यावरच बोलत होती. कोणाच्या कुठल्या वाक्यात खूण होती ते तिनं मला जेवतानाही ऐकवलं.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्योमकेशचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय मुंबईला आले ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला. 1952 मध्ये त्यांनी चित्रपट सोडला आणि पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या पहिल्या कथा त्याआधीच्या, पण पुढच्या कितीतरी कथा त्यांनी आपल्या पुण्यात राहून बंगालीत लिहिल्या. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टीही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. आपल्या मातीतून एवढं नेणारा लेखक मराठी घरांत नीट माहीत असायला हवा, असं मला फार वाटतं.

आई रोजच्या मालिकाही बघते आणि त्याबद्दल मी तिला कधीच बोलत नाही. मी ऑफिसमधून येईपर्यंत घरात माणसांचे आवाज हवे असतात. पण तीच मला म्हणाली, "त्या बघताना मी काही विचारच करत नाही गं. एखाद्या दिवशी चुकलं तरी काही अडत नाही." माझी तक्रार नेमकी हीच आहे. चुकलं तरी न अडणारी गोष्ट आपण इतक्या हुशार प्रेक्षकांसमोर का ठेवतो? सोमवार ते शनिवार रोज भाग, वर रविवारी महाएपिसोड. लेखकाला वाचायला वेळ नाही, नटाला तालमीला वेळ नाही. आमच्या घोडबंदर रोडला अनेक मराठी मालिकांची शूटिंग चालतात. रात्री उशिरा तिथून परतणारे तंत्रज्ञ आणि कलाकार बघितले की त्यांच्या कष्टांपुढे हात जोडावेसे वाटतात. एवढ्या कष्टांचं चीज होईल अशी गोष्ट त्यांच्या हातात द्यायला हवी.

यावर कोणी म्हणेल, रोजच्या मालिकेवर शेकडो घरं चालतात. खरं आहे, आणि ती चालायलाच हवीत. म्हणून रोजच्या मालिका बंद करा असं मी म्हणतच नाही. आठवड्यातून एक अर्धा तास मागते आहे. शनिवारी किंवा रविवारी रात्री, तेरा आठवडे, एक पुस्तक. ते संपलं की दुसरं. एक मालिका संपून दुसरी सुरू झाली तर काम तेवढंच राहतं, उलट जास्त लेखकांना आणि जास्त नटांना मिळतं. लोक बघणार नाहीत हेही मला पटत नाही. शेवळं निवडताना हात थांबवणारी माझी आई म्हणजे लोकच ना?

कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करायची, याचं माझं उत्तर तयार आहे. बाबूराव अर्नाळकर. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या या माणसानं. धनंजय, झुंजार, काळा पहाड या त्यांच्या नायकांची नावं घेतली की आजही सत्तरी ओलांडलेल्या माणसांचे डोळे चमकतात. जुनी मुंबई, एका भागात एक प्रकरण आणि रजित कपूर यांच्यासारखा शांतपणे बघू शकणारा एखादा मराठी नट. धनंजय कोणी करावा ते तुम्ही सांगा. आणि तेरा भागांत बसेल असं तुमच्या मनातलं पुस्तक कुठलं, तेही लिहा. पुढच्या शनिवारी ग्रंथ संग्रहालयात ती नावं घेऊनच जाणार आहे.