वय १९, मशीनवर आकडा २४, आणि पोरगा सुटला

समजा, नाकाबंदीवर एकोणीस वर्षांच्या पोराची बाइक अडवली. ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायला लावलं, आकडा आला २४. पुढे काय? दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कलम १८५ खाली काहीही नाही. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम दारू. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला तीच आणि काल लायसन्स हातात पडलेल्यालाही तीच.

आता दुसरा कायदा बघा. महाराष्ट्रात बिअर प्यायला वय लागतं २१, हार्ड लिकरला २५. म्हणजे या पोराने थेंबही घ्यायला नको होता. एक कायदा म्हणतो, तू प्यायचीच नाहीस. दुसरा म्हणतो, थोडी पिऊन गाडी चालवलीस तर हरकत नाही. याचा मला मनापासून संताप येतो.

अमेरिकेनेही ही विसंगती पाहिली आहे. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने तेरा वर्षांच्या मुलीला उडवलं. तिची आई, कँडी लाइटनर, गप्प बसली नाही; तिने अशा आयांची संघटनाच उभी केली. पिण्याचं वय २१ करायला लावणारा कायदा १९८४ मध्ये आला. मग १९९५ मध्ये केंद्राने राज्यांना बजावलं की २१ च्या आतल्या ड्रायव्हरसाठी मर्यादा ०.०२ टक्के किंवा त्याहून कमी करा, नाहीतर हायवेचा निधी कापू. १९९८ पर्यंत सगळ्या राज्यांनी ते केलं. ०.०२ टक्के म्हणजे आपल्या हिशेबात २० मिलिग्रॅम. आपला २४ वाला तिथे अडकला असता. जर्मनीने २००७ पासून २१ च्या आतल्यांना आणि नवीन लायसन्सवाल्यांना पहिली दोन वर्षं दारू पूर्ण बंद केली आहे.

"पोरांवरच का राग?" असं कुणीतरी विचारणारच. राग नाही. दारूने आधी जातो तो अंदाज: समोरची गाडी किती लांब आहे, वळणावर वेग किती हवा. अनुभवी माणसाचा हात सवयीने थोडंफार सावरतो, नवशिक्याकडे ती सवयच नसते. म्हणून रक्तात तेवढीच दारू असली तरी कोवळ्या ड्रायव्हरचा धोका कितीतरी जास्त असतो.

पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे, त्याच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. सगळे बोलले जामिनासाठी लिहायला लावलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावर. मला जास्त खुपलं ते रक्ताच्या नमुन्याचं. तो कित्येक तासांनी घेतला गेला, वर बदलल्याचा आरोप. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम दारू जिरवतं. १०० वर असलेला माणूस पाच तासांनी ३० च्या खाली, कायद्याच्या भाषेत शुद्धीवर! मर्यादा शून्याजवळ असेल तर अशा उशिराचा फायदा आपोआप घटतो. नमुना बदलणाऱ्यांवर याने उपाय होत नाही, तो लढा वेगळा.

खोकल्याच्या औषधाने निष्पाप पोरगा अडकेल ही भीती रास्त आहे. त्यासाठीच अमेरिकेने शून्याऐवजी ०.०२ पर्यंत सवलत ठेवली. आणि मी तुरुंग मागत नाही. लायसन्स काही महिने काढून घ्या, बास.

कलम १८५ संसदेच्या हातात आहे. आपापल्या खासदाराला विचारा: २५ च्या आतल्यांना आणि लायसन्सच्या पहिल्या दोन वर्षांत सगळ्यांनाच ही मर्यादा २० वर आणायला तुमची तयारी आहे का?