पोर आईला बघून रडलं, आणि लगेच निकाल लागला

आज संध्याकाळी एका पाळणाघराच्या दारात 14 महिन्यांचं एक मूल आई दिसताच भोकाड पसरून रडायला लागलं. तोवर ते मजेत ठोकळे आपटत बसलं होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी नातवाला न्यायला आलेल्या एका गृहस्थांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला, "बघ, नोकरीपायी पोराला तुझी माया उरली नाही." ती बिचारी ऑफिसची बॅग खांद्यावर, मूल कडेवर, काही न बोलता निघून गेली.

म्हणून हे लिहिणं. डोकं तापलेलं आहे, सांभाळून घ्या.

काका, ते रडणं मायेचंच होतं हो! मूल दिवसभर स्वतःला आवरून धरतं. हक्काचं माणूस समोर आलं की सगळं बाहेर पडतं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आई आणि तान्ह्या मुलांच्या नात्याचा अभ्यास करताना नेमकं हेच पाहिलं. आई खोलीबाहेर गेल्यावर मूल किती रडतं याला त्यांनी फार किंमत दिली नाही. ती परत आल्यावर ते काय करतं, याला दिली. धावत येतं, बिलगतं, रडतं आणि कुशीत शांत होतं, तर नातं भक्कम. त्या दारातलं मूल कडेवर गेल्यावर मिनिटभरात हुंदके देत गप्प झालं होतं. तेवढं बघायला काकांना सवड नव्हती.

आईने नोकरी करावी की नाही, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. विचारायचं ते हे: आई-बाबा कामावर असताना मूल कुणाच्या हातात आहे, त्या हातांत एका वेळी किती मुलं आहेत, आणि ते हात किती वेळा बदलतात?

अमेरिकेत 1991 साली 10 ठिकाणी 1,300हून जास्त मुलांचा जन्मापासून पाठपुरावा सुरू झाला. मूल पाळणाघरात जातं एवढ्यावरून आईशी असलेलं नातं बिघडत नाही, हे त्यात दिसलं. बिघडण्याची शक्यता वाढते ती दोन गोष्टी एकत्र आल्या तर. घरी मुलाच्या इशाऱ्यांना प्रतिसाद मिळत नाही, आणि त्यातच पाळणाघर सुमार, तास जास्त किंवा सांभाळणारे सतत बदलणारे. मुलाच्या वाढीवर सगळ्यात मोठा प्रभाव घराचाच निघाला. चांगल्या पाळणाघरातल्या मुलांची भाषा थोडी पुढे होती.

बरं, मान्य, फार तास पाळणाघरात काढलेल्या मुलांत आक्रमकपणा थोडा जास्त आढळला, आणि कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात 1997 नंतर रोज 5 डॉलरांत पाळणाघर मिळायला लागलं तेव्हाही मुलांतली चिडचिड आणि अस्वस्थता वाढलेली दिसली. पण तिथे जागा झपाट्याने वाढल्या आणि बऱ्याच ठिकाणांचा दर्जा जेमतेमच राहिला, हे सांगायला सगळे सोयीस्करपणे विसरतात.

दर्जा म्हणजे भिंतीवरची कार्टूनं नव्हेत. दीड वर्षाच्या आतल्या 3 मुलांमागे एक मोठं माणूस हवं, दीड ते दोन वर्षांच्या 4 मुलांमागे एक, दोन ते तीन वर्षांच्या 7 मुलांमागे एक. हे प्रमाण सकाळी 11 वाजता मोजू नका, तेव्हा सगळेच हजर असतात. दुपारी मुलं झोपल्यावर आणि संध्याकाळी शेवटच्या तासात मोजा. गेल्या वर्षभरात किती ताया सोडून गेल्या, ते विचारा. तुमच्या मुलाला एकच ठरलेली ताई आहे का, ती रजेवर गेली तर कोण, हेही. मग लंगोट बदलताना नुसतं बघत उभे राहा. ताई मुलाशी बोलते का? "आता पाय उचलू हं" म्हणून क्षणभर थांबते का, की पोतं उलटवावं तसं उलटवते? मुलाने हुंकार दिला, कुणीतरी उत्तर दिलं, मुलाने पुन्हा काहीतरी केलं. भाषा या देवाणघेवाणीतून येते, टीव्हीवरच्या गाण्यांतून नाही. तान्ही बाळं पाठीवर झोपवली आहेत ना, पाळण्यात उशा-खेळण्यांची गर्दी नाही ना, लंगोटानंतर साबणाने हात धुतात ना, हे न विचारता डोळ्यांनी बघून घ्या.

आणि रुळवणं! इथे सगळे घाई करतात. सोमवारी नोकरीवर रुजू व्हायचं आणि त्याच सोमवारी मूल पहिल्यांदा सोडायचं, मग ते रडणार नाही तर काय? बर्लिनमध्ये तयार झालेली एक पद्धत चांगली आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर मुलासोबतच बसतात, सोडून जायचं नाही. चौथ्या दिवशी सांगून बाहेर, फार तर अर्धा तास. ताईकडे मूल शांत झालं तर पुढे वेळ वाढवायचा. नाही झालं तर लगेच परत यायचं आणि आणखी काही दिवस सोबत बसायचं. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. साधारण 8 ते 18 महिन्यांत दुराव्याची भीती सगळ्यात जास्त असते, तेव्हा आणखी धीर धरावा लागतो. आणि डोळा चुकवून पळू नका हो! मूल त्यातून एवढंच शिकतं की नजर हटली की माणूस गायब होतं. मग ते दिवसभर दाराकडे बघत बसतं.

आता राग जरा उतरला. काकांना वाटणारी काळजी खोटी नसेलही. एक-दोन वर्षांच्या मुलांना दिवसभर घोळक्यात राहणं खरंच जड जातं. घरी असताना शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सकाळपासून उतरत जातं, पाळणाघरात मात्र बऱ्याच मुलांत ते दुपारनंतर चढतं. म्हणून घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास मोकळा ठेवा. "आज काय केलंस?" ही चौकशी नको, आंघोळीची घाई नको, फोन दुसऱ्या खोलीत. जमिनीवर बसा, मूल येऊन अंगावर लोळेल. या वयात दुपारची झोप धरून 11 ते 14 तास झोप हवी, म्हणजे संध्याकाळी बाहेरचे कार्यक्रम कमीच.

पण एक राहिलंच. त्या दारात काकांना बाप आठवला नाही. त्याच्याही नोकरीचे तास असतात, त्याचीही शिफ्ट दर आठवड्याला बदलते आणि मुलाचं वेळापत्रक त्यानेही विस्कटतं. त्याला कुणी "पगारापायी" असं ऐकवत नाही. पाळणाघराच्या पहिल्या वर्षात मूल वारंवार आजारी पडणार, सर्दी-ताप पाठोपाठ येणार, कारण प्रत्येक विषाणू त्याला नवा असतो. तेव्हा पहिल्या तापाला कुणाची रजा, दुसऱ्याला कुणाची, हे मूल तिथे जायला लागण्याआधीच दोघांनी कॅलेंडर समोर घेऊन ठरवा.