शब्दांचा पासवर्ड ‘दोन मिनिटात फुटतो’ म्हणे!

व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘पासवर्डचा अचूक फॉर्म्युला’ शेवटी कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिनं मी करून दिलेला सहा शब्दांचा पासफ्रेज, म्हणजे शब्द जोडून केलेला पासवर्ड, काढून अंबाबाईचं नाव, पुढं ॲटचं चिन्ह आणि जन्मसाल टाकलं. म्हणून हे लिहायला लागतंय. मेसेज म्हणतो, शब्दांचे पासवर्ड हॅकर डिक्शनरी लावून दोन मिनिटात फोडतात, त्यापेक्षा देवाचं नाव-चिन्ह-साल ठेवा, दर महिन्याला बदला, कुठंही लिहू नका आणि काळ्या स्क्रीनवर कमांड मारून पासवर्ड बनवू नका, ते हॅकरांचं काम.

डिक्शनरीचंच आधी बघू, सगळा घोळ तिथं आहे. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली डाइसवेअर पद्धत मांडली, तिची यादी ७७७६ शब्दांची, पाच वेळा फासा टाकला की एक शब्द. ही यादी हॅकरच्या हातात आहे असं धरूनच हिशोब केलेला असतो! सहा शब्द घेतले तर पर्याय होतात २२ वर २२ शून्यं, सेकंदाला एक लाख कोटी प्रयत्न करणारं मशीन लावलं तरी सगळे तपासायला सात हजार वर्षं जातील. आता मावशीचा नवा पासवर्ड घ्या. देवांची-गावांची-माणसांची दहा हजार नावं, शंभर सालं, चिन्हांचे शंभर प्रकार, झाले दहा कोटी, त्याच मशीनला एक सेकंदसुद्धा लागत नाही. आणि कोल्हापुरातल्या माणसाचा पासवर्ड फोडायचा तर पहिल्यांदा काय टाकून बघतील? अंबाबाई, जोतिबा, रंकाळा. जन्मतारीख तर निम्म्या गावाची फेसबुकवर आहे.

एक मान्य करतो, चार शब्द पुरत नाहीत, त्याच मशीनपुढं तासाभरात संपतात. आणि शब्द स्वतःच्या मनानं निवडले तर ते रँडम, म्हणजे चिठ्ठी टाकून काढल्यासारखे, राहतच नाहीत.

त्यासाठीच कमांड. लिनक्सवर (विंडोजसारखीच एक कॉम्प्युटरची सिस्टिम) शफ नावाची साधी कमांड असते, फाईलमधल्या ओळी पत्त्यांसारख्या पिसून देते. तिला शब्दांची यादी द्यायची, सहा ओळी मागायच्या, रँडम सोर्स म्हणून सिस्टिमचं यूरँडम, म्हणजे अंदाज न येणारे आकडे देणारी सोय, द्यायचं, झालं. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेनं २०१६ साली काढलेली अशीच यादी एकदा उतरवून घेतली की नेटसुद्धा बंद ठेवता येतं, यात हॅकरांचं काम कुठलं आलं? मावशीला इंग्रजी शब्द ध्यानात राहीनात म्हणून तिच्यासाठी मराठी शब्दांची तेवढीच मोठी यादी रोमन अक्षरात केली. येतं ते असं दिसतं : गवा, तराजू, शिडी, पाऊस, कुलूप, भाकरी. दाजीपूरचा गवा तराजूत बसलाय, शिडीवर पाऊस पडतोय, कुलपात भाकरी अडकलीय, एवढं चित्र डोळ्यापुढं आणलं की दोन-चार दिवसात पाठ होतंय. (हा वापरू नका, इथं लिहिला म्हणजे गेला.) आणि शब्द आवडले नाहीत म्हणून मनासारखे येईपर्यंत कमांड मारत बसू नका, मग ती निवड तुमचीच झाली.

दर महिन्याला बदलायचं म्हणाल तर चिन्ह-आकड्यांचे नियम ज्या अमेरिकन सरकारी संस्थेनं २००३-०४ साली दिले त्या निस्टनंच २०१७ मध्ये सांगितलं की ठराविक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तर बदला. ते जुने नियम लिहिणारे बिल बर यांनीही त्याच वर्षी खंत बोलून दाखवली. दर महिन्याला बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा एकानं वाढवतो, दुसरं काय करणार?

कागदावर लिहायचंच असेल तर लिहा आणि घरातल्या कपाटात ठेवा, मॉनिटरला चिकटवू नका. ज्यांनी मेसेज वाचून पासवर्ड बदललाय त्यांनी तो आजच्या आज परत बदला, आधी ईमेलचा, कारण बाकी सगळे पासवर्ड तिथूनच रिसेट होतात.