सांगणारीचा हक्क

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा महाराष्ट्र संतापला. स्टॉकहोममध्ये बसून मी तो संताप वाचत होते आणि तो मला शंभर टक्के पटत होता. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. गदारोळ झाला म्हणूनच कंपनीला भारतीय कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. पण परक्याने उचललं की आपल्याला लगेच दिसतं आणि आपल्यातल्याच कुणी उचललं की दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मी सोलापूरची. इथे स्टॉकहोममध्ये सेवांची रचना करण्याचं काम करते. दवाखाना, पेन्शन, पाणीपट्टी अशा सेवा ज्या माणसांसाठी असतात, त्यांनाच सोबत बसवून त्या नव्याने मांडायच्या, असं हे काम. यात लोक सांगतात आणि आम्ही लिहितो. सांगितलेल्याचा मालक कोण, हा प्रश्न म्हणूनच या धंद्याच्या मुळाशी आहे.

माझी आत्या सोलापूरच्या पूर्व भागात राहते, विड्या वळते. तिच्या गल्लीत एक टीम आली होती, पाणीपुरवठ्याची माहिती देणारं अॅप करायला. बायकांनी दुपारभर सगळं सांगितलं. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी मध्यरात्री. चावीवाला एका घरी फोन करतो, तिथून निरोप गल्लीभर जातो. कोण दवाखान्यात आहे, कोणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे, त्यांची पिंपं कोणी भरायची हेही ठरलेलं असतं. हे सगळं बायकांनी मोठ्या कागदावर काढून दाखवलं. काही महिन्यांनी तीच साखळी टीमच्या सादरीकरणात ‘आमची संकल्पना’ म्हणून आली, बायकांच्या फोटोंसकट. विचारलं तर उत्तर मिळालं, सह्या घेतल्या होत्या की! सह्या हजेरीच्या कागदावर होत्या.

याहून जास्त मला टोचलं ते वेगळंच. त्या बैठकीचा निरोप आला होता तो जिथे विड्या मोजून द्यायच्या, तिथल्या ठेकेदाराकडून. पान-तंबाखू त्याच्याकडून येतो. हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि त्यातल्या किती विड्या बाद करायच्या हे तोच ठरवतो. त्याने “या” म्हटल्यावर आत्या “नाही येत” कसं म्हणणार? “जाऊ दे गं, दोन तास तर बसायचं होतं,” असं ती मला म्हणाली. त्या दोन तासांत तिच्या पाचशे नाही तरी दीड-दोनशे विड्या झाल्या असत्या, आणि त्याचे पैसे कुणी दिले नाहीत.

कायदा काय म्हणतो? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असं आहे. ती मागताना दिलेली सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे. सोलापूरसाठी हे फार मोलाचं आहे, कारण एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं असतात. दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं, हेही कायद्यात आहे. पण संशोधनासाठीच्या वापराला ठरावीक अटींवर सूट आहे, आणि अशा बैठकांना ‘संशोधन’ म्हणायला कोणालाच वेळ लागत नाही.

कॉपीराइटचं तर आणखी अवघड. 1957 चा कायदा कल्पनेला नाही, तिच्या मांडणीला संरक्षण देतो. आत्याने तोंडी सांगितलं आणि टीमने स्वच्छ आकृती काढली, तर हक्क आकृती काढणाऱ्याचा, आणि तो नोकरीत असेल तर सहसा त्याच्या कंपनीचा. बायकांनी स्वतः कागदावर काढलेलं चित्र मात्र त्यांचं आहे. ते दुसऱ्याला द्यायचं तर लेखी आणि सहीनिशी द्यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. हे त्या गल्लीत कोणी सांगितलं असतं, तर कागद घरी ठेवून घेण्याचा विचार तरी झाला असता.

आपण म्हणू, मानांकन आहे ना. सोलापुरी चादर ही राज्यात मानांकन मिळालेल्या पहिल्या काही वस्तूंपैकी एक, याचा मला अभिमान आहे. पण तो अर्ज यंत्रमागधारकांच्या संघाचा होता. मागावर उभा राहणारा कामगार, ग्राफवर नक्षी उतरवणारा, मागाला नक्षी सांगणारी जेकार्डची कार्डं पंच करणारा यांचं नाव त्यात कुठे येतं? मानांकन सोलापूरच्या नावाचं रक्षण करतं. नक्षी काढणाऱ्याच्या वाट्याचं काय, ते त्यात येत नाही.

स्वीडनकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. 1981 ते 1985 या काळात छापखाना कामगारांच्या नॉर्डिक संघटना आणि संशोधक यांनी ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प केला. वृत्तपत्रांत संगणक येत होते आणि कामगारांनी स्वतःच्या कामाची साधनं कशी असावीत हे पुठ्ठ्या-प्लायवूडची नमुना यंत्रं करून ठरवलं. तिथे कामगार पाहुणे नव्हते, त्यांची संघटना प्रकल्पात भागीदार होती. वापरणाऱ्यांनाच सोबत घेऊन करायच्या रचनेचं, म्हणजे सहभागी रचनेचं, हे मूळ इथे अभिमानाने सांगतात.

आणि तरीही आज इथे मी काय बघते? सोमालिया-सीरियातून आलेल्या बायकांच्या बैठकीत आधी लांबलचक स्वीडिश फॉर्म पुढे येतो. सही झाली की युरोपचा डेटा कायदा पाळला गेला. तो फॉर्म बाईचं नाही, संस्थेचं रक्षण करतो. इथली संमती एकेकट्या माणसाची आणि एकदाच घेतलेली असते, गटाला कोणी विचारत नाही. त्यामुळे परदेशी फॉर्मचं मराठी भाषांतर करून आणा, असं मी कधीच म्हणणार नाही. त्यापेक्षा दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी समाजाचा धडा घ्यावा. 2017 मध्ये त्यांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता लिहिली. आमच्याकडे यायचं तर या अटींवर, असं समाजानेच सांगितलं.

सोलापूरला हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. याच शहरातल्या विडी कामगार बायकांनी, कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने, आदिवासींच्या नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या सहकारी संस्थेतून सोलापूरलगतच्या कुंभारी गावाजवळ दहा हजार घरं उभी केली. ज्या बायका एवढी संस्था चालवतात, त्या बैठकीच्या अटी ठरवू शकतात. निरोप मालकाकडून नको, संघटनेकडून यावा. आधी संघटनेशी लेखी करार व्हावा आणि नंतर प्रत्येकीला तिच्या भाषेत, ठेकेदार समोर नसताना, वेगळं विचारावं. नको म्हटलं तर कामावर परिणाम होणार नाही, हे त्यात लिहिलेलं असावं. बुडालेल्या मजुरीइतके पैसे त्याच दिवशी मिळावेत. मूळ कागद गल्लीत राहावा, टीमने फोटो न्यावा. त्यातून अॅप विकलं गेलं तर गल्लीचं नाव आणि वाटा किती, हे आधीच ठरावं.

आपल्या डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होतील. तोवर महापालिकेने आपल्या प्रत्येक निविदेत या अटी घालाव्यात. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. आणि पूर्व भागातल्या संघटनांनी या अटींचा मसुदा आपल्या हाताने, मराठीत आणि तेलुगूत, आत्ताच लिहायला घ्यावा.