"मुलगा गाडीच उचलतो" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग पुण्याच्या मावशीकडून परत इंदूरला आला. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की मुलगा गाडी उचलतो आणि मुलगी बाहुली, हे निसर्गानेच ठरवलंय आणि सायन्सने माकडांवर प्रयोग करून सिद्ध केलंय. गुलाबी मुलींचा नि निळा मुलांचा हे पूर्वापार चालत आलंय, कंपन्या फक्त लोकांना हवं ते विकतात, खेळण्यांतला भेदभाव वगैरे हे फॉरेनचं खूळ आहे, आपली संस्कृती वेगळी. आणि शेवटी ठळक अक्षरांत, मुलाच्या हातात बाहुली द्याल तर पुढे पस्तावाल. लोकांनी अंगठे दिले आणि विषय संपला. माझ्यासाठी नाही संपला, कारण असलं वाचून लोक खरंच खेळणी घ्यायला जातात आणि ती आपल्याच घरातल्या पोरांच्या हातात येतात. म्हणून एकेक मुद्दा घेते, लांबलं तरी वाचा.

आधी माकडं, कारण सगळा जोर त्यांच्यावरच दिलाय. प्रयोग झालाय, ते खोटं नाही. २००२ मध्ये अलेक्झांडर आणि हाइन्स या दोघी संशोधिकांनी व्हर्व्हेट जातीच्या ८८ माकडांना खेळणी दिली, नरांनी बॉल आणि पोलिसांची गाडी जास्त वेळ हाताळली, माद्यांनी बाहुली आणि स्वयंपाकाचं भांडं. पण आता त्या भांड्याचाच विचार करा. माकडिणीला पातेलं म्हणजे काय हे कसं कळणार, तिच्या सात पिढ्यांत कुणी चूल पेटवलेली नाही. ते भांडं "मुलींचं खेळणं" आहे हे माणसांनी ठरवलं, माकडिणीने नाही. ती त्याच्याकडे रंग बघून गेली असेल, आकार बघून गेली असेल, काहीही असेल, पण स्वयंपाकाची आवड बाईच्या रक्तात असते हे त्यातून कसं निघतं ते मला कुणीतरी समजावून सांगा. पुढे २००८ मध्ये ऱ्हीसस माकडांवर असाच दुसरा प्रयोग झाला. तिथे नर चाकाच्या खेळण्यांकडे जास्त गेले हे खरं, पण माद्या मऊ खेळण्यांशीही खेळल्या आणि चाकाच्या खेळण्यांशीही, त्यांचा ठळक असा एका बाजूला कल दिसलाच नाही. मेसेजमध्ये याचा उल्लेख नाही.

आणि हे पण स्पष्ट सांगते, मुलामुलींच्या आवडीत काहीच फरक नसतो असं माझं म्हणणं नाही. सरासरी काढली तर फरक दिसतो, अगदी लहान वयातही दिसतो, आणि तो नाकारून मला वाद जिंकायचा नाही. पण सरासरी ही हजार पोरांची असते, तुमच्या घरात जी एक पोरगी आहे तिची नसते. तिला स्क्रू उघडून आत काय आहे ते बघायला आवडत असेल तर तिच्यासमोर सरासरीचा कागद धरून काय करायचं? शिवाय हे सगळं निसर्गानेच इतकं पक्कं केलेलं असेल तर खोक्यावर "फॉर गर्ल्स" छापावं का लागतं? छापतात कारण छापल्याने फरक पडतो. १९९५ मध्ये मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान पोरापोरींना अनोळखी खेळणी दाखवली आणि सांगितलं की हे मुलांचं आहे, हे मुलींचं आहे. खेळणं कितीही छान असलं तरी "दुसऱ्यांचं" म्हटल्याबरोबर पोरांना ते कमी आवडायला लागलं. म्हणजे एका वाक्यात काम झालं, आणि आपण तर तेच वाक्य त्यांना जन्मापासून ऐकवतोय.

गुलाबी-निळ्याचं फार लांबवत नाही. १९१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या धंद्याचं एक मासिक होतं, अर्नशॉज नावाचं, त्यात चक्क उलटा सल्ला छापलाय की गुलाबी मुलांना कारण तो ठसठशीत रंग, आणि निळा मुलींना कारण तो नाजूक. २०११ च्या एका अभ्यासात दिसलं की मुली गुलाबी उचलायला लागतात ते साधारण दोन-अडीच वर्षांच्या झाल्यावर, आणि मुलगे त्याच सुमारास गुलाबी टाळायला लागतात, म्हणजे नेमकं जेव्हा मी मुलगा की मुलगी हे पोरांना समजायला लागतं तेव्हा. आणि पूर्वापार म्हणायचंच असेल तर आपल्या लग्नांचे जुने फोटो काढून बघा, गुलाबी फेटे बांधून कोण उभं आहे? काका, आजोबा, नवरदेव. कुणाला काही वाटलं नव्हतं.

आता कंपन्या. "त्या बिचाऱ्या फक्त मागणी तसा पुरवठा करतात" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. एलिझाबेथ स्वीट नावाच्या समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी अमेरिकेतल्या सिअर्स कंपनीचे जुने कॅटलॉग पान पान तपासले. १९७५ च्या कॅटलॉगमध्ये हे मुलांचं, हे मुलींचं असं उघड सांगून विकलेली खेळणी २ टक्क्यांहूनही कमी होती. मग १९८४ मध्ये तिथे मुलांच्या टीव्हीवरचे जाहिरातींचे निर्बंध सैल झाले, खेळणं विकण्यासाठीच कार्टून निघायला लागली आणि पुढच्या काही वर्षांत दुकानाचे सरळ दोन भाग झाले. त्या आठ-दहा वर्षांत निसर्ग बदलला का? निसर्ग तोच होता, धंद्याची रीत बदलली. आणि रीत का बदलली ते घरात पोरं वाढवणाऱ्या कुणालाही कळेल. दादाची लाल सायकल ताईला चालते, ताईची धाकट्याला चालते, एका सायकलवर तीन पोरं निघतात. पण सायकल गुलाबी केली, तिला झालर लावली की धाकटा तिच्यावर बसत नाही, आणि बापाला दुसरी घ्यावी लागते. वर गुलाबीचे पैसे पण जास्त लावतात. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये किमतींची तपासणी केली तेव्हा एकाच कंपनीची एकसारखी स्कूटर सापडली, लाल २५ डॉलरला आणि गुलाबी ५० डॉलरला.

आपल्याकडे पण तेच चालतं. किंडर जॉयचं अंडं आपल्याकडे मुलांचं निळं आणि मुलींचं गुलाबी असं विकलं गेलंय, आतला चॉकलेटचा भाग एकच. इथे इंदूरात राजवाड्याकडे खेळण्यांच्या दुकानात जा, तुम्ही तोंड उघडायच्या आधी पहिला प्रश्न येतो, "बाबा के लिए या बेबी के लिए?" पोराचं वय किती, त्याला काय आवडतं, हे कुणी विचारत नाही. वाढदिवसाचे रिटर्न गिफ्टसुद्धा आता दोन ढिगांत असतात, मुलांना विज्ञानाचं काहीतरी, मुलींना नेलपेंट आणि क्लिपा. मी एका वाढदिवसाला एका पोरीला दुसऱ्या ढिगातलं भिंग मागताना बघितलंय आणि "ते बॉईजचं आहे बेटा" हे उत्तरही ऐकलंय. तिने परत मागितलं नाही. मागणी, मागणी म्हणतात ना, ती अशी तयार होते.

मात्र पालक बोलले तर कंपन्या ऐकतात हेही खरं. १९९२ मध्ये बोलणारी बार्बी आली, तिच्या तोंडी गणिताचा तास अवघड असतो असं एक वाक्य होतं, आरडाओरडा झाला आणि बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने ते काढून टाकलं. लेगोने २०२१ मध्ये जाहीर केलं की आपल्या खेळण्यांतून आणि जाहिरातींतून असे साचे काढून टाकायचे. म्हणजे हे काही दगडावर कोरलेलं नाही.

"आपली संस्कृती वेगळी." हो, वेगळी आहे, म्हणूनच आपण इंदूरकरांनी तरी हे वाक्य जपून वापरावं. १७६५ चं मल्हारराव होळकरांचं सुनेला लिहिलेलं पत्र आहे, त्यात ते अहिल्याबाईंना चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जायला सांगतात, मोठा तोफखाना जवळ ठेवा, दारूगोळ्याची तजवीज करा म्हणून. सासऱ्याने सुनेवर तोफा सोपवल्या आणि आपण अडीचशे वर्षांनंतर त्यांच्याच शहरात पोरीच्या हातातून खेळण्यातली तोफ काढून घेतो. जुन्या काळात सगळं समान होतं असं मी अजिबात म्हणणार नाही, भातुकली मुलींचीच मानायचे, बाहेर उनाडायची मुभा मुलांनाच होती. पण पांगुळगाडा घरातल्या प्रत्येक बाळाचा होता, बुधनीचे लाकडी लट्टू नि भिंगऱ्या कुणीही फिरवायचं, आणि दिवाळीच्या किल्ल्याची माती कालवायला अख्खी गल्ली यायची, पोरीसुद्धा.

आणि स्वयंपाक बायकांचा असेल तर रात्री आपल्या सराफ्यात, खाण्याच्या त्या बाजारात, चक्कर मारा. जिलबी, गराडू, भुट्ट्याचा कीस, मूगलेट, कढईपुढे बहुतेक सगळे पुरुष उभे. तिथे कुणी म्हणत नाही की हे बायकी काम आहे, कारण तिथे त्याचे पैसे मिळतात. घरातल्या ज्या स्वयंपाकाचे पैसे मिळत नाहीत तो बाईचा. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं आलं, आणि पुरुषांपैकी जे मुळात घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटं. खेळण्यातल्या गॅसमुळे हे झालं असं मी म्हणत नाही, पण चार वर्षांच्या पोरीला गॅस, झाडू आणि इस्त्रीचा सेट देताना आपण तिला ही २९९ मिनिटं आधीच दाखवत असतो, आणि तिच्या भावाला ती दिसूही देत नाही.

राहिला तो पस्तावण्याचा मुद्दा, मुलगा बाहुलीने बिघडतो. २०१० मध्ये जाड्वा, हाइन्स आणि गोलॉम्बॉक यांनी बाळांना बाहुली आणि गाडीची चित्रं दाखवून ती कशाकडे जास्त वेळ बघतात ते मोजलं. मुली आणि मुलग्यांमध्ये फरक होता, बाहुलीकडे मुली जास्त बघायच्या आणि गाडीकडे मुलगे, पण एक वर्षाची बाळं, मुलगे धरून, गाडीपेक्षा बाहुलीकडे जास्त बघत होती. म्हणजे पुढे मुलगा बाहुलीला हात लावत नाही ते बहुधा शिकून, असं त्याच संशोधिकांनी लिहून ठेवलंय. काय शिकून, ते लेगोच्या २०२१ च्या पाहणीत दिसतं. दुसऱ्यांचं समजलं जाणारं खेळणं घेतलं तर लोक हसतील अशी भीती ७१ टक्के मुलग्यांनी सांगितली, मुलींमध्ये ती ४२ टक्के होती. मुलग्यांवरचा धाक जास्त कडक आहे, आणि तो धाक असे मेसेजच घालतात. बाहुलीशी खेळणारा मुलगा करतो काय, तिला अंघोळ घालतो, भरवतो, थोपटून झोपवतो. उद्या त्याला स्वतःचं बाळ झालं तर हेच करायचं आहे ना? त्यात घाबरण्यासारखं नेमकं काय आहे ते मेसेज लिहिणाऱ्याने कुठेच सांगितलेलं नाही.

माझ्या भाच्याने या दिवाळीला किचन सेट मागितलाय आणि मी तो आणणार आहे, सोबत बाहुलीही आणणार आहे कारण जेवायला कुणीतरी लागतं असं त्याचं म्हणणं आहे. फॅमिली ग्रुपवरच्या सगळ्या काका-काकू, मामा-मामींना हात जोडून विनंती, यावर काही बोलायचं असेल तर मला फोन करा, कितीही वेळ बोलेन. त्याच्यासमोर मात्र एक शब्द काढू नका.