न आलेल्या भाडेकरूचं बाथरूम

स्वतःच्या घराची टाईल निवडणं सोपं असतं, आवडली की घ्यायची, नंतर नाही आवडली तर आपणच गप्प बसायचं. भाड्याने द्यायच्या घराचं तसं नाही. तिथे दुकानात तुमच्या शेजारी एक माणूस उभा असतो जो अजून तुम्हाला भेटलेलाच नाही. भाडेकरू. आणि भेटायच्या आधीच माझं त्याच्याशी भांडण सुरू झालं.

दुकानदाराने पहिली टाईल काढली, पांढरी, ग्लॉसी, तोंड दिसेल अशी. बायको म्हणाली छान आहे. मला लगेच तो दिसला, ओल्या पायाने, मोबाईल बघत येतोय आणि धाडकन आडवा. म्हटलं न घसरणारी दाखवा. तर त्यातही आर ९ पासून आर १३ पर्यंत प्रतवारी असते, आकडा मोठा तशी पकड जास्त. मी अर्थात आर १३ मागितली. दुकानदार म्हणाला, "साहेब, ती कारखान्यात तेल सांडतं तिथे लावतात, घरात लावलीत तर मळ निघायचा नाही." म्हणजे आता तो घासणारा आहे की नाही हेही मलाच ठरवायचं! नाही असं धरून आर १० घेतली.

मग बायकोने संगमरवराला प्रेमाने हात लावला. तोवर हा माझ्या डोक्यात अ‍ॅसिडची बाटली घेऊन हजर, आणि संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अ‍ॅसिड पडलं की चकाकी गेलीच. बाहेरच्या खोलीला लॅमिनेट बघितलं तर याने बादली लवंडली, आतलं दाबलेलं लाकूड पाणी पिऊन कडेला फुगलं. शेवटी जमिनीला फुल बॉडी व्हिट्रिफाइड, ती पाणी ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पीत नाही आणि रंग आरपार असतो, म्हणजे याने हातोडी पाडून टवका उडवला तरी खालून वेगळा रंग डोकावणार नाही. (हातोडी कशाला आणेल, असं बायकोने विचारलं. मला काय माहीत, त्याला विचार.)

खरी मारामारी ग्राउटवर झाली. लोक टाईलसाठी सगळी दुकानं पालथी घालतात आणि सांध्यात काय भरायचं ते मिस्त्रीवर सोडून देतात, आणि पुढे काळं पडतं ते नेमकं तेच. सिमेंटचं ग्राउट पाणी, साबण, मळ सगळं मुरवून घेतं, इपॉक्सी घेत नाही. पण इपॉक्सी म्हटल्यावर मिस्त्रीचा चेहरा पडला, कारण ते भराभर घट्ट होतं आणि वेळेत पुसलं नाही तर टाईलवर धुरकट थर राहतो तो निघता निघत नाही. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. रंग मी करडा सांगितला. "करडी टाईल, करडे सांधे," बायको म्हणाली, "भाडेकरू ठेवतोयस की कैदी?"

बाकी ढाळ जाळीकडे आहे ना ते पाणी ओतून बघितलं, टाईल लावायच्या आधी वॉटरप्रूफिंगवर पाणी तुंबवून ठेवलं, त्याच बॅचचं एक खोकं माळ्यावर टाकलं कारण पुढच्या बॅचची शेड जुळेलच असं नाही. आता म्हटलं ये बाबा, काय करायचं ते कर.

तो आला. अतिशय सभ्य माणूस, चपला बाहेर काढून आत आला, मला थोडं वाईटच वाटलं. फरशीकडे बघितलंसुद्धा नाही. बाथरूममध्ये गेला, शॉवरमागच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "काका, इथे ड्रिल मारून एक छोटंसं रॅक लावलं तर चालेल ना? चारच भोकं."

मी म्हटलं चिकटवायचे रॅक मिळतात, मी आणून देतो, आज संध्याकाळीच.