टेंडरची अट कोणी लिहिली?

रविवारी सकाळी कॅनडातल्या मिसिसॉगात मी चहा ठेवते तेव्हा मिरजेत दिवेलागण झालेली असते. त्या वेळी दादाचा व्हिडिओ कॉल ठरलेला. त्याने बावीस वर्षं रस्ते आणि मोऱ्यांची सरकारी कामं घेतली आणि एका टेंडरनंतर तो धंदाच बंद केला. त्या टेंडरमध्ये अट होती की हॉट मिक्स प्लांट (डांबर-खडीचं मिश्रण बनवायचा कारखाना) कामाच्या ठिकाणापासून अमुक किलोमीटरच्या आत हवा. त्या अंतरात प्लांट होता एकाच ठेकेदाराचा. दादाने लेखी हरकत घेतली, तिला उत्तर आलं नाही. "दर पाडून हरलो असतो तर वाईट वाटलं नसतं," तो म्हणाला होता. "पण अटच त्याच्या मापाने शिवली होती."

हे आठवायचं कारण कॅनडातलं अराइव्हकॅन प्रकरण. मी सोळा वर्षं या देशात कर भरते, त्यामुळे ते मला घरचंच वाटतं. कोविडच्या काळात देशात येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला हे अॅप भरावं लागे. आईला इकडे आणताना तिची माहिती मीच त्यात भरली होती. अॅपच्या पहिल्या आवृत्तीचा खर्च होता 80 हजार डॉलर. 12 फेब्रुवारी 2024 ला महालेखापरीक्षक कॅरन होगन यांनी अहवाल दिला, तेव्हा एकूण खर्चाचा अंदाज 5 कोटी 95 लाख डॉलरवर गेला होता. तोही अंदाजच, कारण कागद इतके अपुरे होते की नेमका आकडा काढता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. बाहेरून घेतलेल्या माणसाचा दिवसाचा सरासरी दर 1,090 डॉलर, तर तेच काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याचा 675.

यातला सर्वात मोठा वाटा, अंदाजे 1 कोटी 91 लाख डॉलर, जीसी स्ट्रॅटेजीज नावाच्या कंपनीकडे गेला. ही दोन माणसांची कंपनी स्वतः अॅप बनवत नव्हती. ती माणसं पुरवायची आणि मधलं कमिशन घ्यायची. अहवालातलं एक वाक्य मी दादाला मराठीत करून वाचून दाखवलं: अडीच कोटी डॉलरच्या एका निविदेत कोणत्या गरजा नमूद करायच्या, हे ठरवण्यात हीच कंपनी सामील होती, आणि तेच कंत्राट पुढे तिला मिळालं.

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तिकडेही टेंडर मॅनेज होतं."

होतं. भारतातून येणारे पाहुणे "तुमच्याकडे असलं काही नसेल" म्हणतात, तेव्हा त्यांना हे सांगावंसं वाटतं. सरकारी अधिकाऱ्यांना पुरवठादारांकडून जेवणाची आमंत्रणं येत होती आणि त्यांनी ती वरिष्ठांना कळवल्याचा पुरावा सापडला नाही, हेही त्याच अहवालात आहे.

पुढे जे घडलं ते मात्र मी आमच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. कंपनीच्या एका भागीदाराने संसदीय समितीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचं टाळलं. सगळ्या पक्षांनी मिळून तो सभागृहाचा अवमान ठरवला. 17 एप्रिल 2024 ला त्याला हाउस ऑफ कॉमन्समध्ये बोलावून सभागृहाच्या दाराजवळच्या पितळी दांड्यापाशी उभं केलं, सभापतींनी समज दिली आणि खासदारांनी दोन तासांहून जास्त प्रश्न विचारले. खासदार नसलेल्या नागरिकाला असं उभं करण्याची ही 1913 नंतरची पहिलीच वेळ. आणि 1913 चं प्रकरणही कंत्राटाचंच! कंत्राटासाठी वाटलेले पैसे कुणाला दिले, हे आर. सी. मिलर नावाचा उद्योजक सांगेना. त्याला अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगात ठेवलं होतं.

मी तो दिवस पूर्ण पाहिला, आणि सगळंच आवडलं असं नाही. तब्येतीबद्दल डॉक्टरांचं पत्र दिलेला माणूस समोर उभा असताना काही खासदार कॅमेऱ्यासाठी बोलत होते. नवी माहितीही फारशी बाहेर आली नाही. बंद दाराआड सदस्य पक्ष विसरून बोलतात, अधिकारी मोकळे होतात, हे भारतात नेहमी ऐकू येणारं म्हणणं त्या दिवशी मला खोटं वाटलं नाही.

तरीही मी उघड्या दाराच्या बाजूने आहे. आपल्या लोकसभेच्या नियम 266 प्रमाणे समित्यांच्या बैठका खाजगीत होतात. सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद 1967 पासून विरोधी पक्षाकडे आहे, हे चांगलंच आहे. पण सचिवाला काय विचारलं, त्याने काय टाळलं, हे मिरजेतल्या ठेकेदाराला कधी ऐकू येत नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो अहवाल, वर्षानंतर, सरकारी भाषेत. सिंचनावर 70 हजार कोटी खर्चले आणि सिंचनक्षेत्र 0.1 टक्क्याने वाढलं, हा वाद 2012 मध्ये महाराष्ट्रभर पेटला. उपमुख्यमंत्री अजित पवारांचा राजीनामा झाला, श्वेतपत्रिका निघाली, चौकशीसाठी चितळे समिती नेमली गेली. पण एकेका प्रकल्पाची किंमत कोणत्या टिपणीने, कोणाच्या सहीने वाढली, हे त्या अधिकाऱ्याला लोकांसमोर विचारताना आम्ही कधी पाहिलं? मग उरतात ते आकडे, आणि प्रत्येक पक्ष ते आपल्या सोयीने वापरतो.

उघडी चौकशी ही परदेशी गोष्ट आहे, असं कोणी म्हणालं तर मी मुंबईचं उदाहरण देईन. 1957 मध्ये सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास गुंतवणूक केली होती. फिरोझ गांधींनी सत्ताधारी बाकांवरून लोकसभेत आपल्याच सरकारला जाब विचारला. मग मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत खुली सुनावणी घेतली. गर्दी आत मावेना म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावले होते. काही आठवड्यांतच काम संपलं आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं.

एक गोष्ट कॅनडाच्या कौतुकात झाकू नये. अराइव्हकॅनचं लेखापरीक्षण व्हावं हा ठराव नोव्हेंबर 2022 मध्ये विरोधकांनी मंजूर करून घेतला तो सरकारच्या विरोधात जाऊन, आणि सरकार अल्पमतात होतं म्हणूनच ते जमलं. बहुमत असतं तर ठराव पडला असता, असं मला वाटतं. म्हणून सज्जन सत्ताधाऱ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. बहुमताच्या दिवसांतही समितीचं दार उघडं राहील, असा नियमच लागतो.

जून 2025 मध्ये होगन यांचा दुसरा अहवाल आला. 31 सरकारी संस्थांनी त्याच कंपनीला 106 कंत्राटं दिली होती, त्यांपोटी 6 कोटी 45 लाख डॉलर गेले होते. तपासलेल्या जवळजवळ निम्म्या कंत्राटांत काम पदरात पडल्याचा पुरावा नव्हता किंवा अगदी तुटपुंजा होता. "एमबी न भरता बिल निघालं म्हण," दादा म्हणाला. एमबी, म्हणजे झालेल्या कामाची नोंद असलेली मोजमाप पुस्तिका, भरल्याशिवाय बिल निघूच शकत नाही, असं त्याला नोकरशाहीने आयुष्यभर ऐकवलं होतं. त्याच महिन्यात कंपनीला सात वर्षं सरकारी कामातून बाद केलं.

त्या भागीदाराच्या समितीपुढच्या साक्षीची चित्रफीत दादाने पुतणीला शेजारी बसवून, एकेक वाक्य समजून घेत पाहिली. टेंडरच्या अटींचा प्रश्न आला तिथे त्याने तिला थांबवायला सांगितलं. नंतर फोनवर मला म्हणाला, "अगं, मी हरकत घेतली तेव्हा हेच विचारलं होतं." त्या हरकतीची पोचपावती त्याच्याकडे अजून आहे.